पहिला ऑटोबान, आणि त्याचे पळवलेले श्रेय

जर्मनीतले ऑटोबान, म्हणजे फक्त मोटारींसाठीचे द्रुतगती महामार्ग, कुणी बांधले? दहा जणांना विचारा, नऊ जण हिटलरचे नाव घेतील. कोलोन ते बॉन हा पहिला ऑटोबान मात्र त्याच्या हाती सत्ता येण्याआधीच वाहता झाला होता.

ऱ्हाईनकाठची कोलोन आणि बॉन ही शेजारशेजारची शहरे. त्यांना जोडणारा जुना रस्ता गावागावांतून जायचा आणि त्यावर सगळेच असायचे : घोडागाड्या, सायकलवाले, पायी जाणारे आणि या गर्दीतून वाट काढू पाहणाऱ्या मोटारी. मोटारींसाठी वेगळाच रस्ता हवा, ही मागणी जोर धरू लागली. कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी ती उचलून धरली.

१९२९मध्ये काम सुरू झाले आणि त्याच वर्षी जागतिक मंदी आली. १९३२च्या फेब्रुवारीत जर्मनीत साठ लाखांहून अधिक लोक बेकार होते. त्यामुळे रस्ता बांधण्याइतकेच हातांना काम देणेही महत्त्वाचे ठरले. यंत्रे आणली असती तर काम झटपट उरकले असते, पण मग मजुरी कुणाला मिळणार? म्हणून बरेचसे खोदकाम आणि भराव फावड्या-कुदळींनीच झाले. हजारो बेकारांची चूल त्यावर पेटली.

६ ऑगस्ट १९३२. आडेनाउअर यांच्या हस्ते उद्घाटन झाले. उद्याचे रस्ते असेच दिसतील, असे ते त्या दिवशी म्हणाले. सुमारे वीस किलोमीटर लांबी, चार लेन आणि वाटेत एकही चौक नाही. आडवे येणारे रस्ते पुलांवरून किंवा पुलांखालून काढलेले. घोडागाडी, सायकल, पादचारी, सगळ्यांना मज्जाव. मधोमध दुभाजक मात्र नव्हता. समोरून येणाऱ्या गाड्या आणि आपण, मध्ये काहीच नाही! रस्ता आखला होता ताशी १२० किलोमीटरसाठी. गंमत म्हणजे तेव्हाच्या बहुतेक गाड्या साठीच्या आसपासच दमायच्या.

पुढच्याच वर्षी नाझी सत्तेवर आले. आडेनाउअर यांना महापौरपदावरून हटवले गेले. मग पाळी रस्त्याची. काही महिन्यांतच त्याचा दर्जा उतरवून तो साधा प्रादेशिक रस्ता ठरवण्यात आला. डांबर तेच, पूल तेच, फक्त कागद बदलला. आता ‘पहिला’ हा मान मोकळा झाला होता. सप्टेंबर १९३३मध्ये फ्रँकफुर्टजवळ हिटलरने कॅमेऱ्यांसमोर फावडे मारले आणि १९ मे १९३५ रोजी फ्रँकफुर्ट–डार्मश्टाट टप्पा मोठ्या थाटात खुला झाला. ऑटोबानच्या कल्पनेवर तर १९२६पासून एक संस्था काम करत होती. हॅम्बुर्ग ते बाझल मार्गाचे आराखडे तयार होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

युद्धानंतर बॉन पश्चिम जर्मनीची राजधानी झाले आणि १९४९मध्ये आडेनाउअर देशाचे चॅन्सेलर. दूतावासांच्या आलिशान गाड्या या रस्त्यावरून अशा सुसाट पळायच्या की लोक त्याला ‘राजदूतांची शर्यतपट्टी’ म्हणू लागले. ऑटोबान हा दर्जा त्याला रीतसर मिळाला तो १९५८मध्ये, चॅन्सेलरपदी आडेनाउअर असतानाच. साठच्या दशकात तो सहा लेनचा झाला.

आज तो ए-५५५ आहे. राजधानी बर्लिनला गेली, तशा राजदूतांच्या गाड्याही गेल्या. उरले ते कोलोन-बॉन अशी रोजची ये-जा करणारे नोकरदार आणि वेसलिंगच्या रासायनिक कारखान्यांकडे वळणारे ट्रक.