घुसला, राहिला, अडकला

(दृश्य: पत्रादेवी, सकाळ. महामार्गावरून ट्रक, एसटी, मोपा विमानतळाकडे निघालेल्या टॅक्सी.)

बांद्याहून गोव्याकडे निघालं की थोड्याच वेळात पत्रादेवी येते. राज्य कधी बदललं ते कळतही नाही. रस्त्याकडेला दारूच्या दुकानांच्या पाट्या दिसू लागल्या की समजायचं, पोचलो. तपासणी झालीच तर ती परतताना, डिकीत बाटल्या किती आहेत ते बघायला.

१५ ऑगस्ट १९५५ ला याच वाटेनं सत्याग्रही आले. हातात तिरंगा, दुसरं काही नाही. समोर पोर्तुगीज पोलीस. पंजाबातून आलेले कर्नैलसिंग बेनिपाल इथेच गोळी लागून पडले. त्या एका दिवसात गोव्याच्या सीमेवर वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. इथल्या हुतात्मा स्मारकाला शाळांच्या सहली येतात. आमचीही आली होती.

एक गोष्ट गुरुजींनी तेव्हा सांगितली नव्हती. त्या दिवशी इथे ज्यांचं राज्य होतं, त्यांच्या कायद्याप्रमाणे ही माणसं परवान्याशिवाय हद्दीत घुसलेली होती.

आता कुणी लगेच चिडू नका. विषय परवान्याशिवाय आलेल्या आणि मुदतीनंतर राहिलेल्या परदेशी माणसांचा आहे, म्हणून हे काढलं. सत्याग्रही आणि व्हिसा संपल्यावर हरमलला पडून राहिलेला पर्यटक यांना एका तराजूत घालायला मी निघालेले नाही. एवढंच म्हणते, की परवान्याशिवाय सीमा ओलांडली यात आमच्याकडे कुणाला फारशी लाज वाटत नव्हती. आमचे तर देवसुद्धा हद्द ओलांडून आलेले. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० च्या सुमारास जुवारी पार करून प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. अलीकडे फिरंगी, पलीकडे आदिलशाही. कागद दाखवा असं पलीकडे कुणी म्हटल्याचं पुराणिकबुवा सांगत नाहीत.

(दृश्य: हरमल. घरामागच्या चार खोल्या, वाळत घातलेले पंचे, भाड्याच्या स्कूटर.)

काकींच्या चार खोल्या आहेत. ऑक्टोबरपासून मेपर्यंत भरलेल्या. पाहुणा परदेशी असेल तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ‘सी फॉर्म’वर ऑनलाइन भरावी लागते. ते काम घरातलं कुणीतरी मोबाइलवर करतं. काकींचा स्वतःचा भरवसा मात्र लांबट वहीवर. नाव, देश, पासपोर्ट, आला कधी, जाणार कधी.

मी पानं उलटली. ‘जाणार कधी’चा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा.

“काकी, हे असं का?”

“बाय, विचारलं तर हसतात. म्हणतात, आवडलं तर राहू.”

“आणि व्हिसाची मुदत संपली तर?”

“ते पोलिसांनी बघायचं. मुदत संपलेला माणूस काय भाडं कमी देतो?”

काकी हसल्या, पण कायद्याला हा विनोद चालणार नाही. परदेशी नागरिकांसाठीचा नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे त्यानं मोडीत काढले. पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात शिरलं तर ५ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रीतसर येऊन मुदतीनंतर राहिलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपण परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसाचीच. हे कलम जुन्या कायद्यातून जसंच्या तसं उचललंय.

त्यातून सुटका कुणाला, याचा वेगळा आदेश त्याच दिवशी निघाला. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून धार्मिक छळापायी ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेले तिथले अल्पसंख्याक, म्हणजे हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती, यांना कागद नसले तरी या शिक्षा लागू नाहीत. नेपाळी माणसाला तर व्हिसाच नको. १९५० च्या करारानं त्याला इथे राहायला, काम करायला मुभा आहे.

आता मोरजीच्या एखाद्या शॅकच्या मुदपाकखान्यात डोकावा. तव्यावर पोरगा आहे तो नेपाळचा. भांडी घासणारा समजा बांगलादेशातून आलाय. दोघं एकाच वयाचे, गावी दोघांच्याही जमिनीचं पोटापुरतं पिकत नाही, दोघंही रात्री त्याच पत्र्याखाली झोपतात. पहिल्याच्या बाजूला पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा करार उभा आहे, दुसऱ्याच्या बाजूला तुरुंग. आणि बाहेरच्या टेबलावर सहा महिन्यांपूर्वी मुदत संपलेला गोरा बसला असेल, तर तो दोघांनाही ‘चीअर्स’ म्हणतो.

आपण अशा माणसांबद्दल बोलतो कसं, ते ऐका. बांगलादेशी ‘घुसला’. गोरा ‘राहिला’.

तिसरं क्रियापद नंतर.

(दृश्य: पर्वरी. महामार्गावरची रहदारी.)

३१ ऑक्टोबर २०१३. पर्रा इथे एका नायजेरियन तरुणाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी मृतदेह शववाहिकेतून उतरवून हा महामार्ग रोखला. नंतरचे कित्येक दिवस गोव्यात दुसरा विषय नव्हता. एका मंत्र्यानं या लोकांना कर्करोगाची उपमा दिली आणि मग माफीही मागितली. अमली पदार्थांचा धंदा खरा होता, त्यातल्या टोळ्यांमधलं वैर खरं होतं. पण त्यानंतर खोली भाड्यानं देताना लोक पासपोर्टाआधी कातडी बघू लागले, हेही तेवढंच खरं. मोरजीला दुकानांवर रशियन अक्षरांच्या पाट्या होत्या, त्यावर मात्र विनोद व्हायचे.

म्हणजे विनोद तरी किती काळ करायचे? पर्यटक व्हिसावर धंदा करता येत नाही. तरी परवाना गावकऱ्याच्या नावावर आणि गल्ला पाहुण्याच्या हातात, अशा तक्रारी किनारपट्टीवर बारमाही. टॅक्सीवाले करतात, शॅकवाले करतात. परवाना कुणाच्या नावावर, असं खोदून विचारलं की तेच गप्प होतात. नाव भाड्यानं देणारा गावकरी असतो ना.

(दृश्य: म्हापसा. उंच भिंत, बंद लोखंडी दार.)

हा म्हापशाचा जुना तुरुंग. २०१९ पासून इथे परदेशी नागरिकांसाठीचं स्थानबद्धता केंद्र आहे. कैद भोगण्यासाठी कुणाला इथे ठेवत नाहीत. ज्यांना परत पाठवायचंय पण पाठवता येत नाही, ती माणसं इथे असतात.

पाठवता का येत नाही? वर्तमानपत्रात ‘हद्दपारी’ हा शब्द चार अक्षरांचा असतो, त्यामुळे वाटतं की विमानात बसवलं आणि झालं. पण विमानात बसवायला पासपोर्ट लागतो. तो त्यानं फाडून टाकलेला असतो, हरवलेला असतो, किंवा मालकाकडे अडकलेला असतो. मग दूतावासाकडून तात्पुरतं प्रवासपत्र मागवायचं. दूतावास विचारतो, हा आमचाच कशावरून? नाव खोटं निघालं तर पुन्हा पहिल्यापासून. काही देशांचे दूतावास झटपट उत्तर देतात, काही महिनोन्‌महिने देत नाहीत. तिकिटाचे पैसे कुणी भरायचे, तो वाद वेगळाच.

आणि सगळ्यात मोठी गाठ पुढेच आहे. एखाद्यावर इथल्या कोर्टात फौजदारी खटला चालू असेल, तर तो निकाली निघेपर्यंत त्याला देशाबाहेर पाठवत नाहीत. आरोपीलाच पाठवून दिलं तर खटला कुणावर चालवायचा? तर्क बिनतोड आहे. आता याचं फळ बघा. ज्याला जायचंच नाही, त्याला मारामारीचा एखादा किरकोळ गुन्हा अंगावर घेणं सोयीचं. खटला रेंगाळतो, त्याच्याबरोबर माणूसही रेंगाळतो. ही युक्ती पोलिसांना पाठ आहे, वकिलांनाही. उलट ज्याला खरोखर घरी जायचंय, ज्याची म्हातारी आई तिकडे वाट बघतेय, तोही याच नियमापायी इथे तारखा मोजतो. एकच कुलूप, आणि ते दोघांना अगदी उलटं लागतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आसाम सरकारला याच मुद्द्यावर झापलं होतं. परदेशी ठरवलेल्या ६३ जणांना वर्षानुवर्षं डांबून ठेवलंय, परत पाठवत नाही, मुहूर्ताची वाट बघताय काय, असा न्यायमूर्तींचा सवाल होता. पत्ता माहीत नाही ही सबब त्यांनी मानली नाही.

संविधानाचं म्हणणं काय? कलम १९ मधला देशात कुठेही राहण्याचा हक्क फक्त नागरिकांचा. कलम २१ मधलं जीविताचं आणि स्वातंत्र्याचं संरक्षण मात्र ‘व्यक्ती’ला आहे, मग ती कुठलीही असो. १९३७ पासून भारतात राहिलेल्या एका बेल्जियन मिशनऱ्याच्या खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. परदेशी माणसाला २१ चं कवच आहे, पण स्थायिक होण्याचा हक्क नाही. जा म्हणता येईल, पण रीतीनं.

रीत सोडली की काय होतं, ते लांब जाऊन शोधायला नको. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरातून उचललेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशी समजून सीमेपार ढकलले गेले. नंतर आपलीच माणसं म्हणून परत आणावी लागली. इकडच्या मुर्शिदाबादचा आणि बांगलादेशातल्या राजशाहीचा माणूस बंगाली बोलला, तर पेडण्याच्या हवालदाराला फरक कसा कळावा? मला तरी कळणार नाही. आणि कागदावर जावं, तर खोटं आधार कार्ड कुठे मिळतं हे धूर्ताला माहीत असतं. पुरात वाहून गेलेला जन्मदाखला गरिबाला परत मिळत नाही.

इथे थोडं स्वतःबद्दल. माझे आजोबा बेळगावहून डिचोलीला आले, खाणीवर मुकादम म्हणून. शाळेत मला ‘घाटी’ म्हणायचे. मधल्या सुट्टीतली टिंगल, जिवावर घेण्यासारखं काही नव्हतं. पण भाडेकरूंची पडताळणी सुरू झाली की ‘भायले आले’, म्हणजे बाहेरचे आले, या ओरडीत बेळगावचा गवंडी, बिहारचा मासेमारी मजूर आणि खरोखरचा परदेशी असे सगळे एकाच जाळ्यात येतात, तेव्हा मला ती मधली सुट्टी आठवते. पहिल्या दोघांना इथे राहायला कुणाचीही परवानगी लागत नाही. कलम १९, वर सांगितलंच.

(दृश्य: जुनं पोर्तुगीज धर्तीचं घर. बंद खिडक्या, व्हरांड्यात कुलूप.)

आता गोव्याचीच एक गंमत, म्हटलं तर. १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे गोवामुक्तीच्या, आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. लिस्बनला जन्माची नोंद करायची, तिकडचा पासपोर्ट घ्यायचा. त्याच पासपोर्टवर हजारो गोंयकार इंग्लंडला गेले, स्विंडनमध्ये तर वस्तीच झाली. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं की इथलं संपलं. मग आजोबांनी बांधलेल्या घरात नातू राहतो तो परदेशी म्हणून, व्हिसा किंवा मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड दाखवून. नुसती जन्मनोंद केली म्हणजे नागरिकत्व घेतलं की नाही, यावर इथे वर्षानुवर्षं वाद चाललेत. आपल्याच गावात आपण मुदतबाह्य तर नाही ना, हे विचारायला लोक वकिलाकडे जातात.

उलट टोकाचंही घडलंय. ऑगस्ट २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी एका वृद्ध गोंयकाराला सुधारित नागरिकत्व कायद्याखाली भारताचं प्रमाणपत्र दिलं. मुक्तीआधी शिकायला पाकिस्तानात गेलेले, तिकडचे नागरिक झालेले, उतारवयात गावी परतलेले. ते ख्रिस्ती, म्हणजे पाकिस्तानातले अल्पसंख्याक, असल्यामुळे त्या कायद्यात बसले. तशाच वाटेनं जाऊन आलेला गोव्याचा मुसलमान असता, तर बसला नसता. मला त्या आजोबांचा आनंदच वाटतो, आणि हे दुसरं वाक्यही गिळता येत नाही.

(दृश्य: हरमल, संध्याकाळ. पुन्हा काकींचं अंगण.)

काकींचा धाकटा दीर दुबईला होता. व्हिजिट व्हिसावर गेला, एजंटानं नोकरीचं कबूल केलेलं, ते झालं नाही. मुदत संपली, तो राहिला. चार वर्षं. तिकडे अशा बेकायदा माणसांना कामगार आपसात ‘खल्ली वल्ली’ म्हणतात. पोलीस दिसला की गल्ली बदलायची, ताप आला तरी दवाखान्यात जायचं नाही. वडील वारले तेव्हा येता आलं नाही. २०२४ मध्ये तिथल्या सरकारनं माफी जाहीर केली, १ सप्टेंबरपासून सुरू झालेली ती वाढवत ३१ डिसेंबरपर्यंत नेली. दंड नाही, पुन्हा येण्यावर बंदी नाही, या आणि कागद करून घ्या किंवा घरी जा. तो घरी आला.

“तो तिकडे अडकला होता,” काकी म्हणाल्या.

हेच ते तिसरं क्रियापद.

माझं मत विचाराल तर कायदा राबवायलाच हवा. पासपोर्ट काढून, रांगेत उभं राहून, पैसे भरून येणाऱ्याला मूर्ख ठरवणारी व्यवस्था मला नको. पण मुदत फक्त त्या माणसाला का? सरकारलाही हवी. इतक्या महिन्यांत खटला संपवा, इतक्या महिन्यांत दूतावासाकडून उत्तर आणा, नाहीतर त्याला जामिनावर, हजेरीवर बाहेर सोडा. आणि चार महिन्यांची माफी दुबईला परवडते, तर आपल्याला एकदा करून बघायला काय हरकत आहे? मुदत संपलेला गोरा आजही बहुधा दंड भरून, निघण्याचा परवाना घेऊन विमानात बसतो. ती वाट भांडी घासणाऱ्यालाही दाखवा. माझ्या टीममध्ये हे सगळ्यांना पटलेलं नाही. कॅमेरामन म्हणतो, माफी दिली की पुढच्या वर्षी दुप्पट येतील. तो चुकीचंच बोलतोय असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

काकींकडे सी फॉर्म भरायचं काम आता दिराकडे आलंय. सगळे रकाने तो पटापट भरतो, शेवटच्यावर थांबतो. काकी ओरडतात, सोड रे तो, गिऱ्हाईक वैतागेल. तो ऐकत नाही. अंधार पडताना मोबाइल हातात घेऊन तीन नंबरच्या खोलीपाशी गेला, दार वाजवलं.

आतून गाण्याचा आवाज येत होता. त्यानं पुन्हा वाजवलं, आणि चपला काढून पायरीवर बसला.