संकासुराची जीभ

मंडळी, तुमच्यातल्या बहुतेकांनी जत्रेत रात्र जागवून दशावतारी काला पाहिलेला आहे. संकासूर येतो तो अंगभर काळा वेष, काळा बुरखा आणि त्यावर लोंबणारी लाल जीभ घेऊन. वेद चोरणारा हा असुर देवळासमोर उभा राहून भटजींची फिरकी घेतो आणि पुढे बसलेली आजी पोट धरून हसते. तोंड उघडण्याआधीच तो कोण आहे हे तिला ठाऊक असतं. जीभ दिसते ना!

मोबाइलवरच्या विडंबनाला ही जीभ नसते.

माझ्या आत्येची गोष्ट सांगतो. 7 सप्टेंबर 2025 च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. आदल्या दिवशी तिच्या फोनवर ‘ग्रहणाचे नियम’ आले. वेध लागल्यापासून मोबाइल बंद ठेवावा, चार्जरवर तुळशीपत्र ठेवावं, ग्रहण सुटल्यावर सिम कार्ड गोमूत्राने शुद्ध करावं. ग्रहणाची भीती घालणाऱ्यांवर रागावून कुणीतरी लिहिलेलं ते विडंबन होतं. पण आत्येने जन्मभर ग्रहणात दुधापाण्यात तुळशीपत्र टाकलेलं. चार्जरवरचं पान तिला वेगळं का वाटावं? तिने फोन बंद करून देव्हाऱ्याजवळ ठेवला. तिचा मुलगा बोटीवर असतो, बंदर लागलं की फोन करतो. त्या रात्री त्याने चारदा केला.

तिला भोळी म्हणणं मला मान्य नाही. नेथन पो नावाच्या एका गृहस्थांनी 2005 मध्ये इंटरनेटवर उत्क्रांतीवरच्या एका वादात म्हटलं होतं, की डोळा मिचकावणारं चिन्ह किंवा तशी उघड खूण नसेल, तर सृष्टिनिर्मितीवाद्यांची (उत्क्रांती नाकारून सृष्टी देवानेच घडवली असं मानणाऱ्यांची) नक्कल कुणाला ना कुणाला खरी वाटणारच. आज त्याला ‘पोचा नियम’ म्हणतात. दुखणं मात्र जुनं आहे. इंग्लंडात 1702 साली लेखक डॅनियल डीफोने कट्टर चर्चवाल्यांची टर उडवायला त्यांच्याच आवाजात एक निनावी पत्रक काढलं: वेगळ्या पंथाच्या उपदेशकांना फाशी द्या, बाकीच्यांना देशाबाहेर घालवा. कट्टरांपैकी काहींना ते मनापासून आवडलं! लेखक कोण ते कळल्यावर 1703 मध्ये डीफोला तीन दिवस भर चौकात खोड्यात उभं केलं.

म्हणजे विडंबन जितकं हुबेहूब, तितकं ते ज्याची नक्कल करतं त्याच्याच कामी येण्याचा धोका मोठा. मी विडंबनाच्या बाजूचा माणूस आहे. श्रद्धेच्या नावाने भीती विकणाऱ्यांची टिंगल झालीच पाहिजे. पण जीभ लावून.

तो मूळ मजकूर मी शोधून काढला. तळाशी बारीक अक्षरांत ‘हे विडंबन आहे’ असं होतं. आत्येकडे आलेल्या चित्रात नेमका तेवढाच भाग कापला गेला होता. तिला दाखवलं आणि म्हटलं, लिहिणाऱ्याला घाबरवणाऱ्यांचा राग होता. ती बराच वेळ फोनकडे पाहत राहिली.

“अरे, मग त्याने मला कशाला घाबरवलं?”