शेवटचं कोण?

नमस्कार, श्रोतेहो.

क्यूबातल्या हवाना शहरातली आमची पहिली सकाळ. घरमालकीणबाई पाव आणायला निघाल्या, मीही त्यांच्यासोबत गेले. कोपऱ्यावरच्या बेकरीसमोर पंधरावीस माणसं होती, पण रांग कुठेच दिसेना. कुणी पायरीवर टेकलेलं, कुणी झाडाखाली उभं, दोघीजणी समोरच्या ओट्यावर बोलत बसलेल्या. बाईंनी मोठ्याने विचारलं, "एल उल्तिमो?" म्हणजे, शेवटचं कोण? भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने बोट वर केलं. "यो." म्हणजे, मी. त्याच्या पुढे कोण आहे, तेही बाईंनी विचारून घेतलं. तो मध्येच उठून गेला तर आपला नंबर हरवायला नको. मग आम्हीही सावली धरून बसलो. प्रत्येकाने आपल्या पुढचा माणूस ध्यानात ठेवला होता, तीच त्यांची रांग.

क्यूबाच्या त्या बेटावर फेब्रुवारीअखेरीस आम्ही बारा दिवस होतो. नऊजण. आकडा मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं त्या आकड्यामुळे घडलं. चाळीस माणसांची बस असती तर मोठ्या हॉटेलात उतरावं लागलं असतं. नऊजण दोन शेजारच्या घरांत मावतात. तिथे लोक आपल्या घरातल्या एकदोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात. १९९७ पासून सरकारने याला रीतसर परवानगी दिली आहे. दारावर नांगरासारखी दिसणारी निळी खूण असते, आत गेलं की मालकीणबाई पासपोर्ट मागून वहीत नाव लिहून घेतात, आणि त्यानंतर तुम्ही त्या घरचे. सकाळी पेरू आणि पपईच्या फोडी, अंडी, पाव आणि छोट्या कपात कडक कॉफी. रात्री काळ्या घेवड्यासोबत शिजवलेला भात. बाईंच्या स्वयंपाकघरात एक लहानशी वही खिळ्याला टांगलेली होती. मी बोट दाखवल्यावर त्यांनी उघडून दाखवली. रेशनची वही! १९६२ पासून प्रत्येक घरात ती आहे. तांदूळ, साखर, तेल, घेवडा, महिन्याच्या चौकटी आखलेल्या. त्यातल्या कितीतरी चौकटी कोऱ्या होत्या. माझ्या लहानपणी आमच्या घरीही रेशनकार्ड असंच खिळ्याला असायचं, त्यामुळे त्या कोऱ्या चौकटींचा अर्थ मला भाषेशिवाय कळला.

तिथे आज टंचाई आहे. वीज तासन् तास जाते, औषधं मिळत नाहीत, तरुण मुलं देश सोडून चालली आहेत. हे न सांगता नुसत्या निळ्या समुद्राचं वर्णन करणं मला पटणार नाही. जाणार असाल तर बॅटरी न्या, रोख युरो न्या, आणि बॅगेत तापाच्या गोळ्या, साबण, सुई-दोरा जरूर ठेवा. येताना ते यजमानांच्या हाती देऊन या.

हवानाबद्दल पुष्कळ सांगितलं जातं, मी थोडकंच सांगते. शहर १५१९ पासून त्या बंदरावर वसलेलं आहे. जुना भाग आणि त्याचे किल्ले १९८२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. समुद्रालगत कित्येक किलोमीटर लांबीचा कट्टा आहे, त्याला मालेकॉन म्हणतात. संध्याकाळी सगळं शहर त्यावर येऊन बसतं. रात्री बरोबर नऊ वाजता पलीकडच्या किल्ल्यावरून तोफ उडते. पूर्वी शहराचे दरवाजे बंद होण्याची ती इशारत होती. दरवाजे गेले, तोफ राहिली. लोक अजून तिच्यावर घड्याळ लावतात.

आणि त्या प्रसिद्ध जुन्या अमेरिकन मोटारी. पर्यटक त्यांच्यासोबत फोटो काढतात, पण आम्ही नऊजण त्यातून खरोखर हिंडलो. आमच्या कोल्हापूरकडे ज्याला वडाप म्हणतात ना, तसंच. ठरलेला रस्ता, हात केला की थांबणार, जागा असेल तिथे बसायचं. अमेरिकेने १९६२ मध्ये व्यापारबंदी घातली, तिथून नव्या मोटारी आणि सुटे भाग येणं थांबलं. म्हणून सत्तर वर्षांपूर्वीच्या सांगाड्यात दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं डिझेल इंजिन बसवलेलं असतं. आमचा चालक एका चढाला थांबला, बॉनेट उघडलं, वायरच्या तुकड्याने काहीतरी बांधलं आणि दहा मिनिटांत निघाला. ती मोटार त्याच्या आजोबांची होती. तिच्यावर घर चालतं.

आता विन्यालेसकडे वळते, कारण माझं मन तिथे अडकलं आहे. हवानापासून पश्चिमेला सुमारे १८० किलोमीटर. लाल मातीचं सपाट खोरं आणि त्यातून सरळ उभे राहिलेले चुनखडकाचे डोंगर, अंगाखांद्यावर झाडी. लाखो वर्षं पावसाचं पाणी चुनखडक विरघळवत राहिलं, त्यातून हे उरले. खोऱ्यात बैलांची नांगरट चालू होती. नांगरणारा माणूस बैलांशी बोलत होता, आणि श्रोतेहो, बैलांशी बोलण्याचा सूर कुठल्याही भाषेत सारखाच लागतो हे मी त्या बांधावर उभी राहून ऐकलं.

माझं माहेर कागल तालुक्यात, निपाणीला लागून. तंबाखूच्या वासात मी मोठी झाले. विन्यालेसच्या खोऱ्यातही तंबाखूच. तिथल्या शेतकऱ्याने शेंडा कसा खुडतात ते दाखवायला रोपाला हात घातला, आणि मी त्याच्या आधी शेंडा खुडून फुटवा काढून दाखवला. तो थांबला. माझ्या बोटांकडे बघितलं. मग आम्हा सगळ्यांना त्याने घरात नेलं, कॉफी दिली आणि पुढचा दीड तास तो फक्त शेतीचं बोलला. आमच्याकडे विडीची तंबाखू शेतातच उन्हात वाळते. तिथे पानं दोऱ्यात ओवून आडव्या काठ्यांवर टांगतात, ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या उंच, अंधाऱ्या कोठारात. ऊन लागू द्यायचं नाही, वारा मात्र हवा. हिरवं पान पिवळं होतं, मग तपकिरी. पिकाचे दहातले नऊ हिस्से सरकारला, एक हिस्सा स्वतःकडे. या एका हिश्श्याच्या विड्या तो स्वतः वळतो. वळताना त्याची बोटं आमच्या गावातल्या विडीवाल्या मावश्यांसारखीच हलत होती.

१४९२ मध्ये कोलंबसाच्या दोन माणसांनी याच बेटावर मूळ रहिवाशांना पानं पेटवून धूर ओढताना पाहिलं. तिथून हे पान युरोपात, पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विजापूरहून अकबराच्या दरबारात पोचलं. माझ्या माहेरची शेतं त्याच पानाने भरली. पेरू, पपई, सीताफळ ही आपली म्हणून आपण खातो तीही त्याच बाजूने आलेली. विन्यालेसच्या अंगणात आंब्याला मोहोर होता. तो आपल्या बाजूने गेलेला. त्या अंगणात मला परकं वाटलं नाही, त्याचं कारण ही झाडं.

रेडिओवर बोलते आहे म्हणून आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. हवानाच्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून एक प्रथा आहे. कामगार मान खाली घालून दिवसभर सिगार वळतात, आणि समोर उंच जागी बसून एक माणूस त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. आधी वर्तमानपत्र, मग कादंबरी. पूर्वी त्या वाचकाचा पगार कामगार आपल्या खिशातून द्यायचे. वसाहतीच्या स्पॅनिश सरकारने यावर बंदीही घालून पाहिली, कारण ऐकणारे कामगार विचार करायला लागले होते. प्रथा टिकली. तुम्ही आत्ता हातातलं काम करत माझं बोलणं ऐकत असाल, तर तुमचं नातं त्या कामगारांशी आहे.

पूर्वेकडे जाताना वाटेत सिएनफुएगोस लागलं. १८१९ मध्ये फ्रेंच वसाहतकऱ्यांनी वसवलेलं, सरळ रस्त्यांचं, देखणं शहर. आम्ही दुपारपुरते थांबलो. त्याआधी एक रात्र डुकरांच्या उपसागराजवळ काढली होती. १९६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या पाठिंब्याने निर्वासित क्यूबन लोकांनी जिथे हल्ला चढवला, तीच ही किनारपट्टी. रस्त्याच्या कडेला त्या लढाईत मेलेल्यांची स्मारकं आहेत, आणि वीस पावलांवर इतकं नितळ पाणी की कमरेएवढ्या खोलीत उभं राहून पायाशी फिरणारे मासे मोजता येतात. उन्हाळ्याच्या तोंडावर जंगलातले लाखो खेकडे अंडी सोडायला हा रस्ता ओलांडून समुद्राकडे जातात, तेव्हा वाहनं जपून चालवावी लागतात. वारादेरोची लांबलचक पांढरी वाळू आम्ही मुद्दाम वगळली. तिथे हॉटेलं आहेत आणि हॉटेलांत पर्यटक आहेत. २००८ पर्यंत खुद्द क्यूबाच्या नागरिकांना त्या हॉटेलांत राहायला मनाई होती.

मग त्रिनिदाद. नाव ऐकून आपल्याला ते वेगळं बेट आठवतं, १८४५ पासून जिथे आपल्या देशातले मजूर करारावर गेले. हे गाव क्यूबातलं, १५१४ मध्ये वसलेलं. गोट्यांचे रस्ते, रंगवलेली बैठी घरं, खिडक्यांना जमिनीपर्यंत गज. साखरेच्या पैशाने हे उभं राहिलं, आणि साखर गेल्यावर नवं बांधायला कुणाकडे पैसा नव्हता, म्हणून जसंच्या तसं राहिलं. गावाबाहेर साखर कारखान्यांचं खोरं आहे. भरभराटीच्या काळात तिथे पन्नासवर कारखाने आणि तीस हजारांहून जास्त गुलाम होते. मनाका इस्नागा नावाच्या वाड्याजवळ सात मजली मनोरा उभा आहे, सुमारे ४५ मीटर उंच. त्यावरून उसाच्या फडांवर नजर ठेवायची आणि घंटा वाजवून गुलामांना कामाला लावायचं. घंटा आता खाली, जमिनीवर ठेवली आहे. मी तिच्यावर हात ठेवला. थंड होती.

मनोऱ्यावर चढले तेव्हा खाली दूरपर्यंत हिरवं दिसत होतं. आम्ही ऊसवाली माणसं. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत ऊस या बेटांकडे नेला, एवढं वाचलेलं होतं. पण फडातल्या माणसाला दुरून बघता यावं म्हणून कुणी सात मजले बांधावेत, हे वर उभं राहिल्यावर अंगावर आलं. गुलामगिरी क्यूबात १८८६ पर्यंत चालली. आमच्यातलं कुणी बराच वेळ बोललं नाही. नऊजण असण्याचा हाही फायदा. गप्प राहायचं असलं तर राहता येतं, कुणी शिट्टी वाजवून बसकडे बोलावत नाही. खाली वाड्यामागे जुना चरक होता. तो लोक हाताने ढकलून फिरवतात, रस निघतो, त्याला ग्वारापो म्हणतात. आमच्या गुऱ्हाळातल्यासारखाच गोड. मी अर्धा पेला प्यायले आणि उरलेला हातात धरून मनोऱ्याकडे बघत बसले.

शेवटच्या दिवशी पुन्हा हवानात होतो. १९६६ मध्ये उघडलेलं कोपेलिया नावाचं आईस्क्रीमचं उद्यान आहे, शहरातली पोरंसोरं तिथे जमतात. त्या दिवशी दोनच चवी होत्या, तरी रांग मोठी. मी जाऊन विचारलं, "एल उल्तिमो?" एका मुलीने बोट वर केलं. तिच्या पुढचा कोण ते विचारून घेतलं आणि वडाच्या जातीच्या एका झाडाखाली बसले. पाचदहा मिनिटांनी शाळेच्या गणवेशातला एक मुलगा धावत आला आणि सगळ्यांकडे बघत त्याने तोच प्रश्न विचारला.

मी हात वर केला. "यो."

त्याने माझ्या साडीकडे बघितलं, मान डोलावली, माझ्या पुढे कोण आहे ते विचारलं, आणि सावलीत माझ्या शेजारी येऊन बसला.