रांग क्रमांक ३५

नमस्कार श्रोतेहो.

आज एका आयरिश नटीबद्दल बोलायचंय. मॉरीन ओहारा. तुमच्यापैकी ज्यांनी जुने इंग्रजी सिनेमे मॅटिनीला पाहिलेत, त्यांना ती आठवत असेल. ज्यांना आठवत नसेल त्यांनी दोनच गोष्टी ध्यानात ठेवा, लाल केस आणि तोंडाला कुलूप नाही. पुढच्या दहा मिनिटांत हे दोन्ही लागणार आहे.

जन्म १९२० चा, डब्लिनजवळच्या रॅनेलाचा. खरं आडनाव फिट्झसिमन्स. अॅबी थिएटरात नाटकं शिकत होती. लंडनला एक कॅमेरा चाचणी झाली. ती म्हणे अगदीच वाईट झाली, पण चार्ल्स लॉटन या मोठ्या नटानं ती फिल्म पाहिली आणि तो तिच्या डोळ्यांवर अडकला. पोरगी सतरा-अठरा वर्षांची. करार झाला आणि पहिली गोष्ट काय सांगितली, तर आडनाव बदल. थिएटरच्या पाटीवर मावत नाही! ती नाही म्हणाली. पाटीवर ओहाराच लागलं. (आपल्याकडेही किती जणींची नावं अशी कुणीतरी दुसऱ्यानंच ठेवली, त्यावर एक वेगळं भाषण होईल. मी ते मागितलं होतं, मिळालं नाही. असो.)

मग हिचकॉकचा सिनेमा, मग अमेरिका, मग जॉन फोर्ड या दिग्दर्शकाचे सिनेमे. १९४१, १९४७, १९५२ या तीन सालांत तिचे तीन नावाजलेले सिनेमे आले. त्यांतला १९५२ चा ‘द क्वाएट मॅन’ आयर्लंडमध्ये मेयो परगण्यातल्या काँग नावाच्या गावात जाऊन काढला. त्याच्याकडे मी शेवटी येतो. बाकीची यादी सांगत बसत नाही, यादी ऐकायला कुणी रेडिओ लावत नाही.

कारण मला सांगायचीय ती एका पासपोर्टची गोष्ट. पासपोर्टची गोष्ट, हे लक्षात असू द्या.

साल १९५७. अमेरिकेत तेव्हा एक मासिक निघायचं, ‘कॉन्फिडेन्शियल’. लाखांनी खपायचं. ब्रीदवाक्य काय, तर आम्ही खरी हकीकत सांगतो आणि नावानिशी सांगतो. कोण नट कुणाबरोबर दिसला, कोणत्या नटीच्या घराबाहेर कुणाची गाडी उभी होती, सगळा कारभार असा. सगळे वाचायचे आणि आम्ही वाचत नाही म्हणायचे. केशकर्तनालयात बाकड्यावर पडलेली साप्ताहिकं आठवा, म्हणजे कळेल. तीही कुणी विकत आणलेली नसायची आणि तरी दर आठवड्याला नवी असायची!

तर त्या मासिकाच्या मार्चच्या अंकात मॉरीनवर मजकूर आला. काय, तर लॉस एंजेलिसच्या ग्राउमन्स चायनीज थिएटरात, पस्तिसाव्या रांगेत, बाई एका परदेशी मित्राबरोबर बसली होती आणि पडद्यावरच्या सिनेमापेक्षा रांगेतला सिनेमा जास्त रंगला होता. हे ते थिएटर, जिथं अंगणातल्या सिमेंटमध्ये नटनट्यांच्या हातापायांचे ठसे आहेत. तिथल्या एका माजी साहाय्यक व्यवस्थापकानं हे पाहिल्याचा दावा. महिना सांगितला नोव्हेंबर १९५३. रांग सांगितली पस्तिसावी.

आता बघा हं. खोटं बोलणारा माणूस तपशील द्यायला लागला की तिथंच फसतो. ‘एकदा कधीतरी, कुठंतरी’ असं छापलं असतं तर बाईला काय करता आलं असतं? काही नाही. पण यांनी महिना छापला. महिना छापला, आणि साल छापलं.

हॉलिवूडची रीत अशी, की अशा वेळी गप्प बसायचं. स्टुडिओवालेही तेच सांगायचे. बोललं की लोक आणखी बोलतात. त्या उन्हाळ्यात कॅलिफोर्निया सरकारनं या मासिकावर फौजदारी बदनामीचा खटला भरला आणि मासिकाच्या वकिलांनी सांगितलं, आम्ही मोठमोठ्या नटांना साक्षीला बोलावू. झालं. कुणाला अचानक सुट्टी घ्यावीशी वाटली, कुणाला लांबच्या गावचं काम निघालं. ऐन ऑगस्टात हॉलिवूड ओस पडलं. बोलायला तयार झालेल्या नट्या दोन. एक डोरोथी डँड्रिज आणि दुसरी आपली मॉरीन.

ती कोर्टात आली. आणि तिनं पर्समधून काय काढलं? पासपोर्ट.

नोव्हेंबर १९५३ मध्ये मी अमेरिकेत नव्हतेच, हे तिचं म्हणणं. मी युरोपात होते, स्पेनमध्ये चित्रीकरण चालू होतं. हे घ्या शिक्के. आणि शिक्के होते! गेल्याची तारीख, आल्याची तारीख. पस्तिसाव्या रांगेत जी कुणी बसली असेल ती असेल, मॉरीन ओहारा समुद्रापलीकडे होती.

ज्युरीच्या लोकांना घेऊन कोर्ट त्या थिएटरातही जाऊन आलं. मला ते दृश्य फार आवडतं. बारा गंभीर माणसं, कामाचा दिवस, आणि सगळी पस्तिसाव्या रांगेपाशी उभी राहून अंधारात काय दिसतं, काय दिसत नाही ते तपासताहेत. आपल्याकडचा टॉर्चवाला तिथं असता तर त्यानं आधी तिकीट विचारलं असतं.

(आता टॉर्चवाला निघालाच आहे म्हणून सांगतो. सिनेमा सुरू झाल्यावर आत येणाऱ्याला सोडूच नये या मताचा मी आहे. आणि मध्यंतरात समोसा मिळाला पाहिजे, त्या बादलीएवढ्या लाह्या नकोत. हे मी पूर्वीही बोललोय, तरी पत्रं माझ्या बाजूनंच येतात.)

निकाल काय लागला? ज्युरी दोन आठवडे बसली आणि एकमत झालं नाही. खटला तसाच मोडला. पण मासिकाच्या मालकानं पुढं तडजोड केली, दंड भरला आणि सिनेमातल्या लोकांच्या खासगी भानगडी यापुढे छापणार नाही असं कबूल केलं. पुढच्या वर्षी त्यानं मासिकच विकून टाकलं. मॉरीननं स्वतः वेगळा दावा लावला होता, तो १९५८ मध्ये कोर्टाबाहेर मिटला. लाखांनी खपणाऱ्या मासिकाचे दात गेले. शिक्के होते, म्हणून गेले. म्हणून तर घरात ट्रंकेच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत जुनी रेशनकार्डं, शाळा सोडल्याचे दाखले जपणाऱ्या आज्यांना मी हसत नाही. मोबाइलमध्ये फोटो आहे की, म्हणणाऱ्यांना मी हसतो.

पण कागदाशी तिचं भांडण त्याच्याही आधीचं. थोडक्यात सांगतो, वेळ गेलाय बराच.

१९४६ साली ती अमेरिकेची नागरिक व्हायला गेली. तिथं शपथ घ्यायची असते, की आधीच्या राजसत्तेवरची निष्ठा मी सोडते. तिला सांगितलं, ग्रेट ब्रिटनवरची निष्ठा सोड. ती म्हणाली, नव्हतीच, तर सोडू काय? मी आयरिश आहे. अधिकाऱ्यांच्या लेखी आयरिश माणूस म्हणजे ब्रिटिश प्रजा. प्रकरण न्यायाधीशांपर्यंत गेलं. आत्मचरित्रात ती सांगते, की तिनं न्यायाधीशांना सुनावलं, माझ्या पोराबाळांचा आयरिश म्हणवून घेण्याचा हक्क तुम्ही काढून घेताय. शेवटी त्यांनी वैतागून, हिला काय हवं ते लिहून द्या आणि घालवा, असं सांगितलं. कागदावर ‘आयरिश’ लागलं. आयर्लंड प्रजासत्ताक झालं ते १९४९ मध्ये, म्हणजे हे त्याच्याही तीन वर्षं आधीचं.

इथं मराठी माणसाला एक आठवण होणारच. आपण ‘होमरूल’ म्हणतो तो शब्द आयर्लंडचा. बेळगावात टिळकांनी होमरूल लीग काढली ती एप्रिल १९१६ मध्ये, आणि डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला तोही एप्रिल १९१६ मध्येच. एकाच महिन्यात! शाळेच्या पुस्तकात या दोन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर का असतात, मला कळत नाही.

आणि १९४५ मध्ये, म्हणजे ‘मी टू’च्या सगळ्या चर्चेच्या सत्तर वर्षं आधी, तिनं एका वर्तमानपत्राला उघड सांगितलं होतं, की रोज सकाळी निर्माता-दिग्दर्शकाला मी मुका घेऊ देत नाही, अंगाला हात लावू देत नाही, म्हणून मी बाईच नाही, थंडगार संगमरवरी पुतळा आहे असं हे लोक गावभर सांगतात. नोकरी त्यांच्याच हातात असताना हे बोलली.

पुढं वैमानिक नवरा, त्याची छोटी विमान कंपनी. १९७८ मध्ये तो अपघातात गेला तेव्हा कंपनी हिनं चालवली. ऑस्करचं नामांकन आयुष्यात एकदाही नाही, आणि २०१४ मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, मानद ऑस्कर. पुढच्याच वर्षी ती गेली.

आता ‘द क्वाएट मॅन’. शेवटच्या प्रसंगात ती सिनेमाचा नायक जॉन वेन याच्या कानात काहीतरी कुजबुजते आणि त्याचा चेहरा जो काही होतो, तो खरा आहे. वाक्य फोर्डनं सांगितलेलं. तिनं आधी नकारच दिला होता, असलं मी बोलणार नाही म्हणून. मग अट घातली, की हे तुम्ही, मी आणि वेन या तिघांपलीकडे कुणाला कळता कामा नये. फोर्ड १९७३ मध्ये गेला, वेन १९७९ मध्ये. त्यानंतर छत्तीस वर्षं जो कुणी भेटे तो तिला तेच विचारायचा, आणि ती हसून दुसरं काहीतरी बोलायची.