टू-व्हीलमध्ये करकर, पण दोष फोर-व्हीलचा: जुनी फोर्ड एफ-१५०

नमस्कार मंडळी! अमेरिकेतल्या बर्फाळ भागात राहणाऱ्यांपैकी कोणी जुनी फोर्ड एफ-१५० घेतली असेल किंवा घ्यायच्या विचारात असेल, तर आजचा व्हिडिओ त्यांच्यासाठी. २००४ ते २००८ ची मॉडेल्स, फोर बाय फोरवाली.

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. गाडी टू-हायमध्ये आहे, म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना जातेय. चढ लागला, ॲक्सिलरेटर दाबला, की पुढच्या चाकाकडून करकर सुरू. पाय उचलला की आवाज गायब. लगेच कोणीतरी सांगतं, बेअरिंग गेलं. दुसरा थेट ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा, उघडायला निघतो. अहो, जरा थांबा. आधी हवेचा पाइप बघा.

या गाडीत पुढच्या दोन्ही चाकांपाशी हब जोडणारा-सोडणारा एक भाग असतो, त्याला आयडब्ल्यूई (इंटिग्रेटेड व्हील एंड) म्हणतात. गंमत अशी की तो उलटा चालतो. आत स्प्रिंग आहे आणि ती दातेरी कडं ढकलून हबला (चाकाच्या मधल्या भागाला) ॲक्सलशी जोडून ठेवायला बघते. टू-हायमध्ये इंजिनचं व्हॅक्यूम, म्हणजे पाइपातून येणारी हवेची ओढ, तिला मागे खेचून धरतं. फोर-हाय (चारही चाकांना ताकद) लावलं की व्हॅक्यूम सुटतं आणि दाते बसतात. म्हणजे पाइप कुठे चिरला, तर टू-हायमध्येच दाते अर्धवट टेकायला लागतात. आणि चढावरच का? कारण ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचं व्हॅक्यूम पडतं. गळती असेल तर उरलंसुरलंही जातं. असं महिनोन् महिने चालवलंत तर दाते झिजतात, मग खर्च खरा.

आता तपासणी. इंजिन चालू, गाडी पार्कमध्ये, पार्किंग ब्रेक लावलेला, निवड टू-हाय. चाकामागे आयडब्ल्यूईला जाणारा बारीक पाइप काढा आणि तोंडावर अंगठा ठेवा. अंगठा चांगला ओढला गेला पाहिजे. ओढ नसेल तर पाइप धरून मागे मागे जा. स्टिअरिंगबरोबर पाइप जिथे वाकतो, तिथे चिरा आधी शोधा. मग फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, पॅसेंजरच्या बाजूचा सोलेनॉइड, म्हणजे व्हॅक्यूम चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह. पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावरच आवाज येत असेल, तर माझा पहिला संशय यावरच, कारण त्यात पाणी शिरतं. एकाच दिशेने हवा जाऊ देणारा छोटा चेक व्हॉल्व्हही फुंकून बघा. दोन्हीकडून फुंकर जात असेल तर बदला. स्वस्त वस्तू आहे.

अंगठ्याला ओढ लागतेय, तरी आवाज आहे? मग इंजिन बंद करा, गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर काम करू नका. हाताने चालणारा व्हॅक्यूम पंप आयडब्ल्यूईला जोडा आणि १५-२० इंचांपर्यंत (पाऱ्याचे इंच, पंपाच्या मीटरवर) नेऊन एक मिनिट काट्याकडे बघा. काटा खाली आला तर आतलं रबर गेलंय. काटा स्थिर असेल तर चाक हाताने फिरवा, त्या चाकामागचा ॲक्सल शाफ्ट फिरता कामा नये. व्हॅक्यूम सोडा, चाक किंचित हलवा, ‘टक्’ होईल आणि शाफ्ट चाकाबरोबर फिरायला लागेल. हे झालं तर तो हब ठणठणीत आहे.

पार्ट यायला वेळ आहे आणि गाडी रोज लागते? दोन्ही आयडब्ल्यूईचे पाइप काढून ठेवा आणि इंजिनकडून येणाऱ्या पाइपांची तोंडं घट्ट बंद करा. हब कायम जोडलेले राहतील, पुढचा ॲक्सल नुसता फिरत राहील. पेट्रोल थोडं जास्त जाईल, पण दाते वाचतील.

फोर-लो (चारही चाकांना ताकद, पण कमी वेगात जास्त जोर) लागत नाही म्हणणाऱ्यांनी आधी गाडी जवळजवळ थांबवा, ब्रेकवर पाय ठेवा, गिअर न्यूट्रलला घ्या आणि मग नॉब फिरवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात.

आणि नवा आयडब्ल्यूई बसवताना पंपाने व्हॅक्यूम देऊन दाते मागे ओढलेले असतानाच बसवा. नाहीतर नव्या पार्टचे दाते पहिल्याच दिवशी वाकडे लागतील.