झोप किती झाली?

(पहाट. टेबलावर वही. हात दिसतो, चेहरा नाही.)

उठल्या उठल्या ती आधी वही उघडते, बाकी सगळं नंतर. रात्री किती वाजता झोपली, किती वाजता जाग आली, आणि मनाचा एक आकडा. उणे ५ ते अधिक ५ मधला. आज शून्य. शून्य म्हणजे चांगला दिवस, हे पटायला तिला काही वर्षं लागली.

तिला बायपोलर आहे: मन काही काळ उन्मादात चढतं, काही काळ नैराश्यात उतरतं, असा आजार. बायपोलर म्हटलं की लोकांना वाटतं, घटकेत हसू, घटकेत रडू. तसं नसतं. नैराश्याची अवस्था ठरवायला लक्षणं किमान २ आठवडे टिकावी लागतात, उन्मादाची १ आठवडा. उन्मादात दवाखान्यात दाखल करायची वेळ आली, तर मात्र दिवस मोजत बसत नाहीत. उन्मादाच्या अलीकडे एक सौम्य चढ असतो, हायपोमेनिया. त्याला ४ दिवस पुरतात.

नोकरीत खरा घोळ होतो तो या चढावर. नैराश्य निदान दिसतं तरी: रजा पडतात, फाइल तशीच राहते, फोन उचलवत नाही. चढावर मात्र शाबासकी मिळते. तीन तास झोपून ती टवटवीत असायची. रात्री दोनला ईमेल, मीटिंगमध्ये दहा कल्पना, कुणी न मागता अंगावर घेतलेली तीन कामं. साहेब खूश, तीही खूश. अशा वेळी डॉक्टरकडे कोण जातं? आणि ती कामं निस्तरायची कुणी? महिनाभरानं अंथरुणातून उठता न येणाऱ्या तिनंच.

(भिंतीवरचं घड्याळ.)

झोप कमी होणं हे या आजाराचं लक्षण आहे, आणि चढ सुरू व्हायचं कारणही. म्हणून तिनं रात्रपाळी सोडली. एलन फ्रँक या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये जी उपचारपद्धत घडवली, तिच्यात दिवसातल्या पाच वेळा टिपतात: अंथरूण सोडणं, पहिल्यांदा कुणाशी बोलणं, काम सुरू करणं, रात्रीचं जेवण, झोपायला जाणं. ऐकायला अगदीच साधं. सुट्टीच्या दिवशी पाळून बघा.

(औषधाची पट्टी. पाण्याची बाटली.)

ती लिथियम घेते. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी उन्मादावरचा त्याचा गुण १९४९ साली नोंदवला. आजही ते वापरात आहे. पण त्याचं रक्तातलं प्रमाण जपावं लागतं. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं, म्हणून त्या सकाळी ती उशिरा कामावर येते. मूत्रपिंड आणि थायरॉइडचीही तपासणी असते. अंगातलं पाणी कमी झालं किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतली, तरी ते प्रमाण वाढू शकतं. कप उचलताना तिचा हात किंचित थरथरतो. तिला त्याचं काही वाटत नाही, बघणाऱ्यालाच वाटतं.

एकदा बरं वाटतंय म्हणून तिनं गोळ्या स्वतःच बंद केल्या होत्या. त्याबद्दल ती फार बोलत नाही.

कामावर सांगायचं का? याला एकच उत्तर नाही, आणि सगळ्यांना सांगाच असं म्हणणाऱ्यांची नोकरी पणाला लागलेली नसते. तिनं एकाच सहकारी मैत्रिणीला सांगितलंय, तेही आजाराच्या नावापेक्षा खुणा: मी भराभर बोलायला लागले, मध्यरात्री ईमेल पाठवला, तर मला विचार, झोप किती झाली? मैत्रीण विचारते. कधी कधी तिला राग येतो. तो राग आला, की ती त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करते.

उताराच्या दिवसांसाठी तिनं सोपी, यांत्रिक कामं बाजूला काढून ठेवली आहेत. आणि नवं काम स्वीकारायचं, तर दोन रात्री पूर्ण झोप झाल्यावरच.

(संध्याकाळ. लॅपटॉपचा उजेड.)

सहा वाजलेत. नेमकं आत्ताच तिला काहीतरी भन्नाट सुचलंय. बोटं कीबोर्डवर थांबतात. ती वही ओढते, समासात दोन ओळी खरडते, पुढे लिहिते: परवा वाचणे.

लॅपटॉप मिटतो.