समुद्राच्या आवाजातलं सोनं

श्रोतेहो, नमस्कार.

मेटल डिटेक्टर घेऊन पहिल्यांदाच समुद्रावर गेलेल्या माणसाची फजिती ठरलेली असते. माझीही झाली. कोरड्या पुळणीवर यंत्र अगदी गुणी बाळासारखं वागत होतं. बाटलीचं बूच आलं की वाजायचं, नाहीतर गप्प. ओहोटीनं उघड्या पडलेल्या ओल्या पट्ट्यावर उतरलो मात्र, आणि त्यानं कंठच फोडला. चकती डावीकडे नेली तरी किंचाळी, उजवीकडे नेली तरी किंचाळी. वाटलं, बुडालेलं जहाजच लागलं हाताला! तीन खड्डे खणले. तिन्हींत पाणी.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. त्याच्या चकतीतल्या तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह वाहतो आणि खाली बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते धातूला भिडलं की धातूत प्रवाहाचे छोटे भोवरे उठतात, आणि त्यांचं उलट उत्तर दुसरं वेटोळं ऐकतं. कोरडं मीठ वीज वाहून नेत नाही, शुद्ध पाणीही जवळजवळ नाहीच. पण मीठ पाण्यात विरघळलं की त्यातले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, मोकळे होतात आणि वीज वाहून नेतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. तांबं या पाण्यापेक्षा सुमारे एक कोटी पट चांगलं वीजवाहक आहे, तरीही पाणी भारी पडतं, कारण ते चकतीखाली चहूकडे पसरलेलं असतं. अंगठी एवढीशी. यंत्राच्या लेखी समुद्र म्हणजे एक अवाढव्य, अगदी निकृष्ट धातूचा पत्रा.

यातली खरी गोम पुढंच आहे. निकृष्ट वाहकासारखं उत्तर आणखी कोण देतं? चॉकलेटच्या वेष्टनातला चंदेरी कागद, आणि बारीक सोनं. नाजूक कर्णफूल, पातळ अंगठी. साखळीची तर आणखी पंचाईत. सोनं कितीही चांगलं असलं तरी कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असतात, त्यामुळे भोवरा साखळीभर फिरत नाही, प्रत्येक इवल्या कडीपुरताच उठतो. म्हणजे अख्खी साखळी खाली पडली असली तरी यंत्राला दिसतात त्या सुट्या कड्या. मिठाचा आवाज बंद करायचा म्हणून यंत्राला ‘हा टापू ऐकू नकोस’ असं सांगावं, तर ज्याच्यासाठी आलो तेही त्याच टापूत बसलेलं असतं. माझ्या मते ओल्या वाळूवरच्या शोधाची सगळी कला या एका अडचणीभोवती फिरते.

साधी यंत्रं एकाच वारंवारतेवर चालतात. वारंवारता वाढली की मिठाचं उत्तरही वाढतं. म्हणून 5 किलोहर्ट्झच्या आसपासचं यंत्र ओल्या वाळूवर 20 किलोहर्ट्झच्या यंत्रापेक्षा शांत असतं. पण बारीक सोनं ऐकू येतं ते वरच्या वारंवारतेला! त्यातून पुळणीत काळी वाळू असेल तर दुखणं दुहेरी. तिच्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं आणि त्याचं उत्तर मिठाहून वेगळ्या जातीचं. जमिनीशी जुळवून घ्यायचं बटण एकावेळी एकाचीच समजूत घालतं. मिठाला गप्प केलं की काळी वाळू बोलू लागते.

यातून वाट निघाली ती एकाच वेळी अनेक वारंवारता वापरण्यानं. वारंवारतेबरोबर मीठ एका रीतीनं बदलतं, लोहखनिज दुसऱ्या रीतीनं. दोन-तीन वारंवारतांची उत्तरं ताडून दोघांनाही वजा करता येतं. अशी यंत्रं 1991 च्या सुमाराला बाजारात आली, आणि समुद्रावर नेमानं जाणाऱ्यांना मी आज तरी दुसरं काही सुचवणार नाही.

दुसरी जात स्पंदन यंत्रांची, म्हणजे पल्स इंडक्शनची. ती एक ठोका देतात, क्षणभर थांबतात आणि मग कान लावतात. मिठातले भोवरे काही मायक्रोसेकंदांतच विरतात, धातूतले रेंगाळतात. ही यंत्रं खोलवरचं ऐकतात, पण खिळा कोणता आणि अंगठी कोणती हे धड सांगत नाहीत. आणि थांबा वाढवला की बारीक साखळीही मिठाबरोबर विरून जाते. पुन्हा तेच!

रेडिओवरून बोलतोय म्हणून एक जाता जाता सांगतो. या यंत्राचं घराणं तुमच्या कानाशी असलेल्या रेडिओचंच आहे. गेरहार्ड फिशर रेडिओच्या साह्यानं दिशा शोधण्याचं काम करत होते. आसपास धातू असला की दिशा चुकते, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या चुकीतूनच त्यांनी धातूशोधक घडवला, आणि 1937 मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं.

आता हातात साधंच यंत्र असेल तर काय करायचं? संवेदनक्षमता कमी करायची. लोकांना हे जिवावर येतं, पण सतत किंचाळणाऱ्या यंत्रापेक्षा चार बोटं कमी खोल ऐकणारं शांत यंत्र केव्हाही बरं. जमिनीशी जुळवणी ओल्या वाळूवरच करायची, कोरडीवर केलेली इथं चालत नाही. आणि चालायचं पाण्याच्या रेषेला समांतर. पाण्याकडून कोरड्याकडे आडवं गेलात तर पावलागणिक ओल बदलते, आणि यंत्र बदलालाच धातू समजतं. चकतीची उंचीही म्हणूनच एकसारखी ठेवायची. लाट अंगावर येत असेल तर ती जाईपर्यंत थांबायचं.

वेळ अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या ओहोटीची. तेव्हा पाणी सर्वांत लांब जातं. वादळानं वाळूचा थर ओढून नेला असेल तर आणखी चांगलं, कारण जड वस्तू वाळूतून खाली सरकत कठीण थरावर टेकलेल्या असतात. गरीची शिसं सापडू लागली की पाय आवरा. शिसं जिथं साठतं, तिथं सोनंही साठण्याचा संभव असतो. मात्र बॉम्बगोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता मागं फिरायचं आणि पोलिसांना कळवायचं. तिथं खणायला परवानगी लागते का, तेही आधीच विचारून ठेवायचं. खड्डा बुजवायचा, हे सांगायला नकोच.

एकदा हे सगळं नीट करूनही माझं यंत्र सकाळभर कुरकुरत होतं. जुळवणी तीनदा केली, संवेदनक्षमता तळाला नेली, पट्टा बदलला. काही केल्या ऐकेना. वैतागून कोरड्या वाळूवर येऊन बसलो, तर तिथंही चकती हलवली की कुरकुर. मग चकतीखालचं प्लास्टिकचं झाकण काढलं. आत आदल्या दिवशीची मूठभर वाळू होती आणि त्या सकाळचं घोटभर खारं पाणी. चकतीबरोबर तेच हिंदकळत होतं.

नमस्कार.